पाटी सरकारची, आकडे लेवादांचे

आम्हा गोंयकारांना ‘ओपिनियन पोल’ म्हटले की १९६७ आठवते. सोव्हिएत संघात देशभरचे लोकमत अजमावणारे केंद्र निघाले ते १९८७ साली, गोर्बाचेव्ह यांच्या काळात. पहिल्या प्रमुख होत्या तात्याना झास्लावस्काया. लवकरच तिथे युरी लेवादा आले. १९६९ मध्ये समाजशास्त्रावरच्या व्याख्यानांपायी ज्यांचे प्राध्यापकपद गेले होते, तेच हे लेवादा! १९८९ मध्ये त्यांनी ‘सोव्हिएत माणसा’ची मोठी पाहणी केली.

१९९१ मध्ये देश मोडला, केंद्र मात्र टिकले. १९९२ पासून लेवादा संचालक झाले. पुढे चेचन्यातल्या युद्धाला लोक विटल्याचे आकडे केंद्र छापू लागले. २००३ मध्ये सरकारने संचालक मंडळावर आपली माणसे बसवली. लेवादा बाहेर पडले आणि त्यांच्या पाठोपाठ सहकारीही. जुन्या नावाची पाटी सरकारकडे राहिली. यांनी ‘लेवादा केंद्र’ उभारले. लेवादा २००६ मध्ये वारले. २०१६ मध्ये त्यांच्या केंद्रावर ‘परकीय हस्तक’ असा सरकारी शिक्का बसला.

मी सरकारी कारकून. नको असलेला आकडा वरून परत आला की पेन कसे अडखळते, ते मला ठाऊक आहे. म्हणूनच खुर्ची सोडून आकडा जपणारी ही माणसे मला फार मोठी वाटतात.