घसा बरा झाला, मग पायावर जांभळे ठिपके कशाचे?

पोराचा घसा दुखतो, ताप येतो, चार दिवसांत बरा होतो. आठ-पंधरा दिवसांनी मात्र पायांवर, कुल्ल्यांवर लाल-जांभळे ठिपके उठतात, गुडघे-घोटे सुजतात, पोटात कळा येतात. पावसाळ्यात घरचे लगेच डेंग्यू म्हणतात. पण रक्त तपासलं तर प्लेटलेट व्यवस्थित निघतात.

हा आयजीए व्हॅस्क्युलायटिस असू शकतो. डॉक्टरांच्या कागदावर एचएसपी असंही लिहिलेलं असतं. घशातल्या संसर्गानंतर, त्यात स्ट्रेप्टोकोकस हा जिवाणूही आला, शरीरातली आयजीए नावाची प्रतिपिंडे बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साचतात. तिथं सूज येते, रक्त कातडीखाली झिरपतं. म्हणून बोटानं दाबलं तरी ठिपका फिका पडत नाही. अंगावर उठलेलं पित्त दाबलं की फिकं पडतं. हा आजार एकापासून दुसऱ्याला लागत नाही.

बहुतेक मुलं महिना-दीड महिन्यात आपोआप बरी होतात. मेडिकलमधून आणलेल्या अँटिबायोटिकनं घशातला जिवाणू मरेल, सुरू झालेली सूज त्यानं थांबत नाही.

खरी भीती मूत्रपिंडाची. ठिपके गेले की पालक दवाखाना सोडतात, तिथंच घोळ होतो. लघवीतून रक्त किंवा प्रथिनं जात असली तरी पोराला काहीच दुखत नाही. त्यामुळे निदान सहा महिने, डॉक्टर सांगतील तेव्हा, लघवी आणि बीपी तपासून घ्यावंच.

शौचातून रक्त आलं, पोटदुखी थांबेना, किंवा ठिपक्यांसोबत जोराचा ताप येऊन पोर मलूल पडलं, तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठावं.