‘नोअसर्शन’ म्हणजे ‘परवाना नाही’ असं नव्हे

गिटहबच्या एपीआयकडून रिपॉझिटरींचा डेटा उतरवलात, की ‘लायसन्स’च्या रकान्यात तीन तऱ्हेच्या नोंदी दिसतील: एखाद्या परवान्याचं नाव, ‘नोअसर्शन’, नाहीतर रिकामं ‘नल’. शेवटच्या दोन्ही ‘परवाना नाही’ या गटात टाकायचा मोह होतो. तसं का करू नये, हे लिनक्स कर्नलच्या इतिहासावरून नीट कळतं.

१९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी कर्नल स्वतःच्या परवान्याखाली दिला. त्यात पैसे घेऊन वाटायला मनाई होती. १९९२ मध्ये तो जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखाली आला. पुढे परवान्यांची नावं सगळ्यांनी एकसारखी लिहावीत म्हणून लिनक्स फाउंडेशनच्या पुढाकाराने एसपीडीएक्स हे मानक तयार झालं. त्याची पहिली आवृत्ती २०११ची. ‘नोअसर्शन’ हा शब्द तिथलाच. अर्थ एवढाच, की ‘आम्ही ठामपणे काही सांगत नाही’.

गिटहब २००८ चं, पण एपीआयमध्ये परवान्याची माहिती आली २०१५ मध्ये. ‘लायसन्सी’ नावाचा प्रोग्राम रिपॉझिटरीतली परवान्याची फाइल ओळखीच्या मजकुरांशी ताडून बघतो. जुळली तर नाव, फाइल आहे पण जुळत नाही तर ‘नोअसर्शन’, फाइलच सापडली नाही तर ‘नल’.

आता गंमत बघा. कर्नलच्या ‘कॉपीइंग’ फाइलमध्ये आज जीपीएलचा पूर्ण मजकूर नाही. छोटी टीप आहे, मजकूर दुसऱ्या फोल्डरमध्ये. त्यामुळे जीपीएलचा सर्वांत प्रसिद्ध प्रकल्प एपीआयमध्ये ‘नोअसर्शन’ म्हणून येतो! त्या ओळी गाळल्यात तर कर्नलही गेला.

नाव मिळालं म्हणजेही काम संपत नाही. ‘फक्त दुसरी आवृत्ती’ आणि ‘दुसरी किंवा नंतरची’ या दोन्हींत परवान्याचा मजकूर तोच असतो. फरक सोर्स फाइलींच्या माथ्यावर लिहिलेला असतो. एपीआय दोन्हींना ‘जीपीएल-२.०’च म्हणतो. २००७ मध्ये तिसरी आवृत्ती आल्यापासून, कोणता कोड कोणात मिसळता येईल हे नेमकं याच फरकावर ठरतं.

‘नल’ असेल तर परवाना रीडमीमध्ये असू शकतो. कुठेच नसेल तर कॉपीराइट कायद्यानुसार सगळे हक्क लेखकाकडेच राहतात. तो कोड ‘मुक्त’ मोजू नका.

म्हणून तिन्ही गट वेगळे ठेवा, डेटा उतरवल्याची तारीख लिहा (परवाने बदलतात), आणि ‘नोअसर्शन’मधल्या काही फाइली स्वतः उघडून वाचा. प्रबंधातला तक्ता त्यावरच उभा राहणार आहे.