लुटुपुटूचे युद्ध, खरी दहशत

‘आर्मा ३’ हा युद्धाचा संगणकीय खेळ चेक प्रजासत्ताकातील बोहेमिया इंटरॅक्टिव्ह या कंपनीने २०१३ साली बाजारात आणला. खेळणाऱ्यांना स्वतः तयार केलेली वाहने, शस्त्रे व गणवेश त्यात घालता येतात. त्यामुळे जगातील जवळपास कोणताही संघर्ष पडद्यावर उभा राहतो. नेमकी हीच सोय अफवांच्या पथ्यावर पडली. युक्रेन युद्धात या खेळातील दृश्ये रणभूमीवरील म्हणून समाजमाध्यमांवर इतकी फिरली, की नोव्हेंबर २०२२मध्ये कंपनीनेच ती ओळखण्याच्या खुणा प्रसिद्ध केल्या. पुसट चित्र, हलता कॅमेरा, अंधार, आवाज नाही आणि हालचाल करणारी माणसेही सहसा नाहीत.

गंमत अशी (गंमत तरी कशी म्हणावी!), की खऱ्या युद्धाचे मोबाइलवरील चित्रणही अनेकदा असेच पुसट नि हलते असते. त्यामुळे चित्रातील दोष हाच खरेपणाचा पुरावा ठरतो. शिवाय माणसेच नसल्याने रक्त नाही, आक्रोश नाही. पाहणाऱ्याच्या मनात युद्ध म्हणजे आतषबाजी, एवढेच ठसते.

फेब्रुवारी २०२२मध्ये ‘घोस्ट ऑफ कीव्ह’ या वैमानिकाचा म्हणून गाजलेला व्हिडिओ दुसऱ्याच एका खेळातला निघाला. असा कोणी एक वैमानिक नसल्याचे युक्रेनच्या हवाई दलाने स्पष्ट केले, तेव्हा दोन महिने उलटून गेले होते.

मे २०२५मधील भारत-पाकिस्तान संघर्षातही ‘आर्मा ३’ची दृश्ये खरी म्हणून पसरली. केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाला (पीआयबी) ती खेळातील असल्याचा खुलासा करावा लागला.