दोषातून उगवलेला जिना

स्फटिक वाढतो कसा? १९४९ पर्यंत याचे गणित जुळत नव्हते. गुळगुळीत पृष्ठावर नवा थर सुरू होण्यास २५ ते ५० टक्के अतिसंपृक्तता हवी, असे सिद्धांत सांगे. प्रत्यक्षात स्फटिक १ टक्क्यालाही निवांत वाढत.

त्या वर्षी ब्रिस्टलच्या फ्रँक यांनी उलटाच विचार मांडला. स्फटिकाच्या रचनेत मळसूत्री दोष असेल, तर पृष्ठावर एक पायरी कायम उघडी राहते. अणू तिला चिकटत जातात, ती गोल फिरत वर चढते. पण कधी संपत नाही. निर्दोष स्फटिक जवळजवळ वाढलाच नसता!

लवकरच ग्रिफिन यांना बेरिलवर (पाचू याच खनिजाचा प्रकार) तशीच सर्पिल वळणे दिसली. त्या पायऱ्यांची उंची मोजणे मात्र फार अवघड.

टोलान्स्की यांच्या हाताखाली इंग्लंडमध्ये संशोधन करणाऱ्या अजित राम वर्मा यांनी कार्बोरंडमचे कृत्रिम स्फटिक घेतले. पृष्ठावर चांदीचा पातळ थर आणि प्रकाशाचे व्यतिकरण, एवढ्याच साधनांवर त्यांनी सुमारे १५ अँगस्ट्रॉम, म्हणजे दीड नॅनोमीटर उंचीची पायरी मोजली. कार्बोरंडमच्या एका सामान्य प्रकारातील एकक कोशाची उंचीही तेवढीच!

हेच वर्मा पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे संचालक झाले.