जपानी साम्राज्याचा विस्तार आणि पुण्याची जपानविषयक दृष्टी (१८७९–१९४५)

इ. स. १८७९ मध्ये पुण्याच्या बुधवार पेठेतील पेशवेकालीन बुधवार वाडा आगीच्या भक्ष्यस्थानी पडला. त्याच वर्षी जपानने र्‍यूक्यू बेटांचे राज्य खालसा करून त्याला ओकिनावा प्रांताचे रूप दिले. या दोन घटनांचा परस्परसंबंध अर्थातच नाही. परंतु पुण्यातील सुशिक्षितांना पुढे जो जपान दिसला आणि जो दिसला नाही, त्यांतील अंतर मोजण्यास हे वर्ष सोयीचे आहे.

१८६८ च्या राज्यक्रांतीनंतर जपानने विलक्षण वेगाने आपली घडी बदलली. १८७१ मध्ये सरंजामी संस्थाने मोडली गेली, १८७२ मध्ये सार्वत्रिक शिक्षणाचा कायदा झाला आणि १८७३ मध्ये सक्तीची लष्करभरती सुरू झाली. या अंतर्गत सुधारणा आणि बाह्य विस्तार या दोन वेगळ्या अवस्था होत्या, असा समज आढळतो. तो टिकण्यासारखा नाही. १८७६ मध्येच आरमाराच्या धाकाने कोरियावर असमान तह लादण्यात आला होता. १८९४–९५ च्या युद्धात चीनचा पराभव झाल्यावर शिमोनोसेकीच्या तहाने तैवान व पेस्काडोर्स बेटे जपानकडे गेली आणि चीनवर २० कोटी टेल चांदीची खंडणी बसली. शाळा, सैन्य व साम्राज्य ही एकाच राज्ययंत्राची अंगे होती.

तथापि महाराष्ट्राचे लक्ष खऱ्या अर्थाने वेधले ते रशिया-जपान युद्धाने. मे १९०५ मध्ये त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत रशियन आरमाराचा विध्वंस झाला, तेव्हा एका आशियाई राष्ट्राने युरोपीय महासत्तेस नमविले, ही भावना 'केसरी'च्या वाचकवर्गात उचंबळून आली. स्वतः परतंत्र असलेल्या समाजाने या विजयात आपल्या भवितव्याची खूण पाहावी, हे स्वाभाविक होते. त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला वंगभंग अमलात आला. त्यापूर्वीच, ७ ऑक्टोबरला, पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली होती.

परंतु त्याच वर्षीचे दुसरे दोन दस्तऐवज या संदर्भात वाचले पाहिजेत. ऑगस्ट १९०५ मध्ये इंग्लंड व जपान यांच्या मैत्रीकराराचे नूतनीकरण झाले. त्यात इंग्लंडने कोरियातील जपानचे वर्चस्व मान्य केले आणि जपानने हिंदुस्थानातील आपला मुलूख राखण्यासाठी सरहद्दीवर आवश्यक ती उपाययोजना करण्याचा इंग्लंडचा अधिकार मान्य केला. म्हणजे ज्या सत्तेच्या जयाने पुणेकर हर्षित झाले होते, तिने त्यांच्या पारतंत्र्यावर स्वाक्षरी केलेली होती. पुढे नोव्हेंबरात कोरियावर संरक्षित राज्याचा दर्जा लादला गेला व १९१० मध्ये तो देश जपानी साम्राज्यात विलीन करण्यात आला. १९१५ मध्ये सिंगापूर येथील हिंदी शिपायांचे बंड मोडण्यास जपानी नौसैनिकांनी इंग्रजांना साहाय्य केले, ही घटनाही याच करारनीतीशी सुसंगत होती.

असे असले तरी पुण्याने जपानकडून जे घेतले ते निव्वळ भ्रमावर आधारलेले नव्हते. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी मांडताना गोपाळ कृष्ण गोखले यांनी जपानचे उदाहरण पुढे केले. जपानमधील महिला विद्यापीठाविषयीची एक पुस्तिका वाचून धोंडो केशव कर्वे यांना प्रेरणा मिळाली; डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईच्या सामाजिक परिषदेत अध्यक्षपदावरून त्यांनी तशी कल्पना मांडली आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन झाले. ज्या बुधवार पेठेतील भिडेवाड्यात १८४८ मध्ये मुलींची शाळा भरली होती, त्या शहराला स्त्रीशिक्षणाचा हा पुढचा टप्पा जपानच्या आधाराने गाठता आला. या विद्यापीठाचे विशेष तत्त्व म्हणजे मातृभाषेतून उच्च शिक्षण. स्वभाषेत आधुनिक ज्ञान आणता येते, हे जपानने सिद्ध करून दाखविले होते.

नेमक्या याच कसोटीवर जपानी साम्राज्याचे स्वरूप सर्वाधिक स्पष्ट होते. स्वदेशात मातृभाषेची प्रतिष्ठा वाढविणाऱ्या राज्याने कोरियात मात्र तद्देशीय भाषा पायरीपायरीने मागे सारली. १९३८ मध्ये शाळांतून कोरियन भाषा ऐच्छिक झाली, १९४० पासून जपानी पद्धतीची नावे घेण्यासाठी दडपण आले, आणि १९४२ मध्ये कोरियन शब्दकोशाचे काम करणाऱ्या भाषामंडळाचे सभासद पकडले गेले. कोश करणे हा राजद्रोह ठरावा, यापेक्षा साम्राज्याच्या हेतूचा निराळा पुरावा शोधण्याचे कारण नाही.

१९३१ मध्ये मांचुरिया व्यापल्यावर आणि १९३७ मध्ये चीनवर सर्वंकष आक्रमण झाल्यावर हिंदी लोकमत पालटले. १९३८ मध्ये राष्ट्रसभेने चीनला पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस व नागपूरचे डॉ. चोळकर होते, कोटणीस यांनी ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच देह ठेवला. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत सिंगापूर पडले होते आणि मार्चमध्ये अंदमान जपानच्या हाती गेले होते. जपानच्या साहाय्याने उभ्या राहिलेल्या आझाद हिंद सेनेत सावंतवाडी भागातील जगन्नाथराव भोसले हे प्रमुख अधिकारी होते. तर मार्च १९४४ मध्ये सांगशाक येथे मराठा पलटणीची चौथी तुकडी जपानी फौजेशी झुंजत होती. एकाच मराठी मुलखातील माणसे जपानच्या संदर्भात अशा तीन निरनिराळ्या बाजूंस उभी होती, आणि तिन्ही बाजूंना आपापली निष्ठा होती.

सारांश, १९०५ च्या पुण्याने जपानच्या उदयाचे केलेले स्वागत अज्ञानातून आले, असे म्हणणे अपुरे होईल. कोरियाची वार्ता अप्राप्य नव्हती. ती गौण वाटली, कारण पाहणाऱ्याचे दुःख स्वतःच्या सत्ताधाऱ्यांपुरते केंद्रित झालेले होते. मराठीत 'उदय' हा शब्द ज्याच्या संदर्भात वापरला जातो, त्याच्याच बाजूने तो घटनेकडे पाहतो; ज्याच्या भूमीवर तो घडतो, त्याला त्या शब्दात स्थान नसते. जपानच्या इतिहासाचे मराठीत लेखन करताना 'उदय' व 'विस्तार' हे शब्द नेहमीच्या सवयीने एकत्र लिहिण्यापूर्वी अभ्यासकाने ओकिनावा, तैवान आणि कोरिया यांच्या बाजूचा शब्द कोणता, हे तपासले पाहिजे.