बीटी वांगे : विश्वासाच्या कसोटीवर अडलेले पीक

तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी ९ फेब्रुवारी २०१० रोजी बीटी वांग्याच्या व्यापारी लागवडीला स्थगिती दिली. त्याच्या चारच महिने आधी, १४ ऑक्टोबर २००९ रोजी, केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने हे वांगे सुरक्षित असल्याचा निर्वाळा देऊन लागवडीला हिरवा कंदील दाखविला होता. शासनाच्याच तज्ज्ञ समितीने मान्य केलेले पीक शासनाच्याच मंत्र्याने अडवावे, असा प्रसंग विरळाच. ही स्थगिती अद्याप उठलेली नाही आणि एकाही जनुकीय परिवर्तित अन्नपिकाची व्यापारी लागवड देशात अधिकृतपणे सुरू झालेली नाही. 'जीएम अन्न सुरक्षित आहे काय' या जगभर गाजणाऱ्या प्रश्नाची भारतातील सर्वांत मोठी उलटतपासणी या वांग्याच्या निमित्ताने झाली. त्या वादात विषाच्या प्रश्नाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, विश्वासाचा प्रश्न गुंतलेला होता.

तंत्र काय आहे?

वांग्याच्या पिकाचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे शेंडे व फळे पोखरणारी अळी. ही अळी एकदा शेंड्यात वा फळात शिरली की वरून मारलेले कीटकनाशक तिच्यापर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे शेतकरी तोडणीच्या काळातही वरचेवर फवारण्या करतात आणि त्या औषधांचे अवशेष ग्राहकाच्या पिशवीतून थेट स्वयंपाकघरात येतात.

'बॅसिलस थुरिंजिएन्सिस' या मातीतील जीवाणूत अशा अळ्यांना मारक ठरणारे प्रथिन असते. त्याच्या नावाची आद्याक्षरे म्हणजे 'बीटी'. या जीवाणूतील 'क्राय १ एसी' हे जनुक वांग्यात घालण्याचे काम जालन्याच्या महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनीने, म्हणजे 'महिको'ने, केले. अमेरिकेतील मोन्सँटो कंपनी या तंत्रज्ञानातील तिची भागीदार होती. संकरित वाणांसोबत सरळ वाणांतही हे जनुक यावे, यासाठी धारवाडचे कृषी विज्ञान विद्यापीठ आणि कोइमतूरचे तमिळनाडू कृषी विद्यापीठ या सार्वजनिक संस्थाही प्रकल्पात सामील झाल्या. सरळ वाणाचे बियाणे शेतकऱ्याला स्वतः राखता येते, हा त्यामागील हेतू होता.

हे प्रथिन अळीच्या आतड्यातील अल्कधर्मी रसात सक्रिय होते, तेथील विशिष्ट ग्राहींना चिकटते आणि आतड्याला छिद्रे पाडते. माणसाच्या जठरातील रस आम्लधर्मी असतो. तेथे या प्रथिनाचे पचन होते आणि माणसाच्या आतड्यात तसे ग्राहीही आढळत नाहीत. सेंद्रिय शेती करणारे शेतकरीही बीटी जीवाणूची फवारणी अनेक दशके करीत आले आहेत. समर्थकांचा मुख्य युक्तिवाद हाच होता. त्यावर विरोधकांचे उत्तर असे, की फवारलेले बीटी उन्हाने नष्ट होते, पावसाने धुऊन जाते. जनुक घातलेल्या झाडात मात्र ते प्रथिन पेशीपेशीत आणि फळातही तयार होत राहते. म्हणून फवारणीचा जुना अनुभव येथे पुरेसा दाखला ठरत नाही.

चाचणी आणि आक्षेप

जनुकीय परिवर्तित अन्नाची तपासणी जगभर 'सारभूत समानता' या कल्पनेच्या आधारे होते. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने १९९३ मध्ये ती मांडली. नवे पीक आणि त्याचे मूळ वाण यांच्या पोषकद्रव्यांची, नैसर्गिक विषद्रव्यांची तुलना करायची. जो फरक आढळेल, म्हणजे मुख्यतः नवे प्रथिन, त्याची विषबाधा व ॲलर्जीच्या दृष्टीने स्वतंत्र परीक्षा घ्यायची, अशी ही पद्धत आहे. 'कोडेक्स' या आंतरराष्ट्रीय अन्नमानक आयोगाने २००३ मध्ये याच धर्तीवर मार्गदर्शक तत्त्वे तयार केली आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेही २००८ मध्ये आपली नियमावली प्रसिद्ध केली.

बीटी वांगे उंदीर, ससे, शेळ्या, कोंबड्या, मासे आणि दुभत्या गाई यांना खाऊ घालून पाहण्यात आले. कोणताही अपाय दिसला नाही, असा कंपनीचा अहवाल होता आणि समितीने तो ग्राह्य धरला. आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे तीन मुद्द्यांत सांगता येते. पहिला मुद्दा काळाचा. उंदरांवरील चाचणी ९० दिवसांची होती, वांगे मात्र माणूस जन्मभर खातो. दुसरा मुद्दा चाचणी घेणाऱ्याचा. ज्या कंपनीला बियाणे विकायचे, तिनेच चाचण्यांचा खर्च करायचा व निष्कर्ष सादर करायचे, ही व्यवस्था मुळातच सदोष असल्याचे टीकाकार म्हणत. तिसरा मुद्दा माहितीचा. चाचण्यांची मूळ आकडेवारी माहितीच्या अधिकारात मागितली गेली, तेव्हा व्यापारी गुपिताचे कारण पुढे आले. ती आकडेवारी समितीच्या संकेतस्थळावर यायला २००८ साल उजाडले, आणि तेही सर्वोच्च न्यायालयाच्या हस्तक्षेपानंतर.

आकडे खुले होताच फ्रेंच शास्त्रज्ञ गिल-एरिक सेरालिनी यांनी ग्रीनपीस संघटनेसाठी त्यांचे परीक्षण केले आणि चाचण्या अपुऱ्या असल्याचे म्हटले. प्रा. अर्जुला रेड्डी यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने हे आक्षेप फेटाळले. हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राचे संस्थापक डॉ. पुष्प भार्गव हे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मान्यता समितीच्या बैठकांना निरीक्षक म्हणून उपस्थित राहत. आवश्यक असलेल्या अनेक चाचण्या झालेल्याच नाहीत, अशी भूमिका त्यांनी जाहीरपणे घेतली.

परदेशातील दाखले

या वादात दोन्ही बाजूंनी परदेशातील प्रकरणांचे दाखले दिले जातात. ते नीट पाहिले तर कोणत्याच बाजूला निर्विवाद विजय देत नाहीत.

सोयाबीनचे पोषणमूल्य वाढविण्यासाठी एका अमेरिकी कंपनीने त्यात ब्राझील नट या कवचफळातील जनुक घातले. त्या फळाची ॲलर्जी असलेल्यांना हे सोयाबीनही बाधू शकेल, असे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसले आणि ते वाण बाजारात येण्यापूर्वीच सोडून देण्यात आले. धोका खरा असू शकतो, हे या प्रकरणाने दाखविले. चाचणीतून तो पकडता येतो, हेही दाखविले. 'स्टारलिंक' मक्याला अमेरिकेत केवळ पशुखाद्य म्हणून परवानगी होती. तो सन २००० मध्ये माणसांच्या खाद्यपदार्थांत सापडला आणि मोठ्या प्रमाणावर माल परत मागवावा लागला. तक्रार करणाऱ्यांच्या रक्ततपासणीत या मक्याच्या ॲलर्जीचा पुरावा आढळला नाही. मात्र एकदा शेतात गेलेले पीक कागदावरच्या अटी पाळत नाही, हे उघड झाले.

सेरालिनी यांनीच २०१२ मध्ये जनुकीय परिवर्तित मका खाणाऱ्या उंदरांना गाठी झाल्याचा निष्कर्ष मांडला. त्यांची छायाचित्रे जगभर फिरली. प्रयोगातील उंदरांची संख्या आणि जात यांवरून कडाडून टीका झाली आणि संबंधित नियतकालिकाने २०१३ मध्ये तो शोधनिबंध मागे घेतला. पुढील वर्षी तो दुसऱ्या नियतकालिकात पुन्हा प्रसिद्ध झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१६ मध्ये उपलब्ध संशोधनाचा व्यापक आढावा घेतला. बाजारात असलेल्या जीएम अन्नामुळे पारंपरिक अन्नापेक्षा आरोग्याला अधिक धोका असल्याचा सबळ पुरावा नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. तथापि प्रत्येक नव्या पिकाची तपासणी स्वतंत्रपणे व्हावी, हे तत्त्व जागतिक आरोग्य संघटनाही मांडत आली आहे. एका पिकाला मिळालेले प्रमाणपत्र दुसऱ्याला चालत नाही.

सात शहरांतील सुनावण्या

समितीच्या मान्यतेनंतर वातावरण तापले, तेव्हा रमेश यांनी जानेवारी व फेब्रुवारी २०१० मध्ये कोलकाता, भुवनेश्वर, अहमदाबाद, नागपूर, चंडीगड, हैदराबाद आणि बंगळूर येथे जाहीर सुनावण्या घेतल्या. त्यांना सुमारे आठ हजार लोक उपस्थित होते. शास्त्रज्ञ, शेतकरी, बियाणे कंपन्यांचे प्रतिनिधी, ग्राहक संघटना, डॉक्टर अशा सर्वांनीच बाजू मांडल्या. घोषणा व हमरीतुमरीही झाली. विदर्भात बीटी कपाशी २००२ पासून आलेली असल्याने नागपूरच्या सुनावणीवर तिच्या बऱ्यावाईट अनुभवाची छाया असणे स्वाभाविक होते.

स्थगितीच्या निर्णयात रमेश यांनी दिलेली कारणे पाहण्यासारखी आहेत. वांगे विषारी आहे, असे त्यांनी कोठेही म्हटले नाही. शास्त्रज्ञांत एकमत नाही, स्वतंत्र चाचण्यांची व्यवस्था नाही, अनेक राज्य सरकारांचा विरोध आहे, भारत हे वांग्याच्या जैवविविधतेचे माहेरघर असल्याने स्थानिक वाणांचा विचार व्हायला हवा आणि हे पीक तातडीने आणण्याची निकड नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. हरितक्रांतीचे शिल्पकार डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांनीही दीर्घकालीन परिणामांचा अभ्यास आणि स्थानिक वाणांचे जतन यांवर भर दिला होता. उलट, अनेक कृषिशास्त्रज्ञांना हा निर्णय म्हणजे विज्ञानापेक्षा गोंगाटाला दिलेले झुकते माप वाटले.

स्थगितीनंतर

रमेश यांनी देशातील सहा विज्ञान अकादम्यांकडे या विषयावर अहवाल मागितला. सप्टेंबर २०१० मध्ये आलेल्या अहवालाने बीटी वांग्याच्या मर्यादित लागवडीची शिफारस केली; परंतु त्यातील काही मजकूर पूर्वी प्रसिद्ध झालेल्या एका लेखातून जसाच्या तसा उचलल्याचे उघडकीस आले आणि अहवाल सुधारून पुन्हा द्यावा लागला. ज्या संस्थांनी शंका मिटवायच्या, त्यांच्याच विश्वासार्हतेला यामुळे तडा गेला. संसदेच्या कृषिविषयक स्थायी समितीने ऑगस्ट २०१२ मध्ये, तर सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तांत्रिक समितीच्या बहुसंख्य सदस्यांनी २०१३ मध्ये, नियमनातील त्रुटींवर बोट ठेवले.

शेजारच्या बांगलादेशाने मात्र ऑक्टोबर २०१३ मध्ये महिकोच्याच जनुकावर आधारित चार वाणांना परवानगी दिली. जानेवारी २०१४ मध्ये २० शेतकऱ्यांना रोपे मिळाली आणि पुढील काही वर्षांत ही संख्या हजारोंवर गेली. फवारण्या बऱ्याच कमी झाल्याचे तेथील अभ्यासांत आढळले. सुरुवातीच्या हंगामात काही शेते फसल्याच्याही बातम्या आल्या.

भारतात स्थगितीची भिंत शेतातही टिकली नाही. हरियाणातील फतेहाबाद जिल्ह्यात २०१९ मध्ये बीटी वांग्याची बेकायदा लागवड आढळली. त्याच वर्षी अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेने मान्यता नसलेल्या तणनाशक-सहनशील कपाशीची जाहीर पेरणी करून तंत्रज्ञान-स्वातंत्र्याची मागणी केली. मान्यता अडते आणि बियाणे चोरवाटेने येते, तेव्हा त्याची ना चाचणी होते, ना नोंद. ही स्थिती समर्थक व विरोधक दोघांनाही नको आहे.

ताटात आधीच काय आहे?

वांगे अडले, तरी जनुकीय परिवर्तित पिकांपासूनचे पदार्थ भारतीय आहारात फार पूर्वीच आले आहेत. देशातील बहुतांश कापूस बीटी असल्याने सरकीचे तेल त्याच कपाशीचे असते आणि सरकीची पेंड दुभत्या जनावरांच्या गव्हाणीत पडते. आयात होणाऱ्या सोयाबीन तेलाचा मोठा भाग अर्जेंटिना व ब्राझील येथील जीएम सोयाबीनचा असतो. शुद्ध केलेल्या तेलात प्रथिन व जनुकांचा अंश जवळपास उरत नाही, म्हणून त्यात धोका मानला जात नाही. परंतु आपण काय खातो हे ग्राहकाला कळावे की नाही, हा प्रश्न धोक्याहून वेगळा आहे. १ जानेवारी २०१३ पासून अशा पदार्थांच्या वेष्टनावर 'जीएम' असे लिहिणे वजनमापे नियमांनी आवश्यक केले; तरी दुकानात तसा शिक्का सहसा दृष्टीस पडत नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२१ मध्ये नवे नियम मसुद्याच्या स्वरूपात जाहीर केले. युरोपीय संघात घटकपदार्थात ०.९ टक्क्यांहून अधिक जीएम अंश असल्यास तसा उल्लेख सक्तीचा आहे.

वांग्याच्या वाटेवरच पुढे मोहरी आली. दिल्ली विद्यापीठात डॉ. दीपक पेंटल यांच्या चमूने विकसित केलेल्या 'डीएमएच-११' या वाणाला ऑक्टोबर २०२२ मध्ये सशर्त परवानगी मिळाली. हे पीक सार्वजनिक संस्थेचे होते, बहुराष्ट्रीय कंपनीचे नव्हते. तरीही आक्षेप तेच राहिले. २३ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी या परवानगीवर परस्परविरोधी निकाल दिले. मात्र जीएम पिकांबाबत केंद्राने सर्वांशी सल्लामसलत करून राष्ट्रीय धोरण आखावे, यावर दोघांचेही एकमत झाले.

वांग्याच्या वादातून निघालेली उणीवही हीच आहे. कंपनीपासून स्वतंत्र अशा प्रयोगशाळा, पहिल्या दिवसापासून खुली आकडेवारी, प्रत्येक पिकाचा दीर्घकाळ पाठपुरावा आणि वेष्टनावरील स्पष्ट उल्लेख, या गोष्टी समर्थकांनाही नाकारता येण्याजोग्या नाहीत. त्या झाल्या तर वांगे सुरक्षित ठरेल की असुरक्षित, हे आधीच सांगता येत नाही; पण जे ठरेल ते शेतकरी आणि ग्राहक दोघांनाही पटण्याची शक्यता असेल. त्यांच्या अभावी आणखी कितीही उंदरांवर प्रयोग झाले, तरी सात शहरांत विचारलेला प्रश्न पुढच्या पिकालाही तसाच विचारला जाईल.