घरात अळंबी किंवा मायक्रोग्रीन्स उगवायचेत? कमी आवाजाचा पंखा आणि कार्बन फिल्टर असा निवडतात

वाशीचं एपीएमसी मार्केट म्हणजे कांदा-बटाटा, मसाला, धान्य, भाजीपाला आणि फळं अशा पाच बाजारांची एक नगरीच. मेथी, मोहरी, धणे, मूग असं मायक्रोग्रीन्ससाठी लागणारं बरंचसं सामान इथे मिळतं. त्यामुळे नवी मुंबईत फ्लॅटच्या एका खोलीत किंवा भाड्याच्या गाळ्यात ट्रे मांडून छोटा धंदा सुरू करणं अनेकांना सोपं वाटतं. काही जण धिंगरी अळंबीकडे वळतात.

बियाण्याचा आणि ट्रेचा हिशोब लवकर जमतो. अडचण येते ती हवेची. खोली बंद ठेवली तर बुरशी धरते. पंखा लावला तर रात्रभर घरघर. वास जिन्यात गेला की सोसायटीची तक्रार ठरलेली. म्हणून बाजारात पळण्याआधी ही माहिती वाचून घेतलेली बरी.

आधी एक खुलासा

इंटरनेटवर या पंख्यांची आणि फिल्टरची जी माहिती मिळते, त्यातली बरीचशी परदेशात घरात गांजा लावणाऱ्यांसाठी लिहिलेली असते. भारतात एनडीपीएस कायदा, १९८५ नुसार विनापरवाना गांजाची लागवड हा गुन्हा आहे. शिवाय तिथले हिशोब तीव्र वास आणि प्रखर दिवे धरून केलेले असतात. मेथीच्या ट्रेला तेवढा खर्च लागत नाही.

पंखा किती मोठा हवा?

सुरुवात खोलीच्या मापापासून करायची. समजा खोली ३ मीटर लांब, २.५ मीटर रुंद आणि २.८ मीटर उंच आहे. म्हणजे आत २१ घनमीटर हवा. अळंबीच्या खोलीत साधारणपणे तासाला ४ ते ८ वेळा हवा बदलावी लागते. ६ वेळा धरलं तर ताशी १२६ घनमीटर.

पण पंख्याच्या खोक्यावर छापलेला आकडा मोकळ्या हवेतला असतो. फिल्टर, पाइप आणि वळणं लावली की चौथा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त हवा कमी होते. तेवढी घट धरली, तर साधारण ताशी १७० घनमीटरचा पंखा लागतो. दुकानात हेच माप सीएफएममध्ये सांगतात. १ सीएफएम म्हणजे ताशी सुमारे १.७ घनमीटर, म्हणजे हा पंखा १०० सीएफएमचा झाला. ४ इंची इनलाइन पंखे साधारण याच मापापासून सुरू होतात.

छोट्या बंद तंबूत, दिव्यांच्या उष्णतेमुळे, दर एक ते तीन मिनिटांनी हवा बदलण्याचा हिशोब धरतात.

आवाज कमी कसा होतो?

मोठा पंखा हळू चालवणं हा त्यातला सर्वात सोपा मार्ग. पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. १० डेसिबलचा फरक कानाला जवळजवळ निम्मा वाटतो, यावरून फायदा लक्षात येईल. म्हणून ४ इंची पंखा पूर्ण वेगाने पळवण्यापेक्षा ६ इंची पंखा मंद चालवलेला परवडतो.

खरेदी करताना या गोष्टी पाहाव्यात:

• डेसिबलचा आकडा किती अंतरावरून मोजला आहे? १ मीटर आणि ३ मीटरवरच्या आकड्यांची तुलना होत नाही.
• मोटर ईसी प्रकारची आहे का? ती महाग असते, पण मंद वेगातही शांत चालते आणि वीज कमी खाते. तिचा वेग तिच्याच कंट्रोलरने बदलायचा, छताच्या पंख्याचा रेग्युलेटर जोडायचा नाही. साध्या मोटरलाही असा रेग्युलेटर लावला की बऱ्याचदा गुणगुण सुरू होते.
• पंखा भिंतीला घट्ट ठोकू नये. रबरी पट्ट्यांवर टांगला तर थरथर स्लॅबमधून शेजारी पोहोचत नाही.
• पाइप शक्यतो सरळ आणि ताणलेला ठेवावा. प्रत्येक काटकोनी वळण हवा अडवतं आणि सुसाट आवाज वाढवतं.

ध्वनी प्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. शेजाऱ्याच्या खिडकीजवळ उघडणारा पाइप लावताना रात्रीचा आकडा ध्यानात ठेवावा.

कार्बन फिल्टर काय करतो आणि काय करत नाही?

फिल्टरमधला सक्रिय कार्बन बऱ्याचदा नारळाच्या करवंटीपासून बनवलेला असतो. त्याच्या एका ग्रॅममधल्या सूक्ष्म छिद्रांचा पृष्ठभाग साधारण १००० चौरस मीटरपर्यंत भरतो. वासाचे कण तिथे चिकटून राहतात. त्यासाठी हवेला कार्बनच्या थरात निदान ०.१ सेकंद तरी मिळायला हवा. म्हणून फिल्टरची क्षमता पंख्याएवढी किंवा जास्तच असावी. फिल्टर खोलीच्या आत ठेवून पंख्याने त्यातून हवा ओढून बाहेर सोडायची, ही नेहमीची रचना.

आता मर्यादा. हवेतली आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर गेली की कार्बनची छिद्रं पाण्यानेच भरू लागतात. नवी मुंबईच्या पावसाळ्यात ही पातळी रोजचीच, आणि अळंबीला तर ८० ते ९० टक्के आर्द्रता लागतेच. त्यामुळे अळंबीच्या खोलीत महागडा कार्बन फिल्टर बसवून फारसा उपयोग होत नाही. पाइप मोकळ्या बाजूला काढणं जास्त कामाचं.

कार्बन वायू अळंबीने सोडलेला असो वा माणसाने, फिल्टर तो काढत नाही. त्यासाठी ताजी हवाच हवी. ती कमी पडली की अळंबीचे देठ लांब आणि छत्र्या लहान राहतात. फळं पिकताना निघणारा इथिलीन वायूही साध्या कार्बनला नीट पकडता येत नाही, त्यासाठी पोटॅशियम परमँगनेटची पुडी वापरतात. फळबाजाराशेजारी किंवा पिकवणीच्या खोलीला लागून गाळा घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं, कारण इथिलीनने कोवळी पानं पिवळी पडतात.

ज्यात तडजोड नको

धिंगरी अळंबीचे बीजाणू सतत श्वासात गेले तर फुप्फुसांना सूज येऊ शकते. कार्बन त्यांना थांबवत नाही. छत्र्या पूर्ण सपाट होण्याआधी तोडणी करणं, खोलीत एन-९५ मास्क लावणं आणि राहत्या घराची हवा वेगळी ठेवणं गरजेचं. सतत खोकला किंवा धाप लागत असेल तर डॉक्टरांना अळंबीच्या कामाबद्दल सांगावं.

मायक्रोग्रीन्ससाठी खाण्याचंच बियाणं घ्यावं. पेरणीच्या बियाण्याला बुरशीनाशक चोळलेलं असू शकतं.

खर्चाचा क्रम

४० वॅटचा पंखा चोवीस तास चालला तर महिन्याला साधारण २९ युनिट वीज लागते. पैसे मोजके असतील तर आधी थोडा मोठा ईसी पंखा, मग रबरी टांगणी आणि सरळ पाइप. बाहेरच्या ट्रकांच्या धुळीसाठी आत येणाऱ्या हवेवर साधी धुता येणारी जाळी. महिनाभर चालवून पाहावं. वासाची तक्रार खरंच आली आणि खोली कोरडी राहत असेल, तरच कार्बन फिल्टर घ्यावा. मेथी-मोहरीचे चार ट्रे असलेल्या बऱ्याच घरांत ती वेळच येत नाही.